खिळा

जिल्हा न्यायालय, ग्रिम्सबी. फेब्रुवारी.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
इथे पायरीच नाही, रॅम्प आहे,
आणि विनिफ्रेड पेनीफील्ड, वय एकाहत्तर,
एक हात गुडघ्यावर ठेवून तो चढते आहे.
मी मागून. हातात फाइल, दोनशे बारा पानं,
प्रत्येक पानाला नंबर मीच घातलाय.

पान चौदा: पहिली तक्रार, फोनवरून.
पान पंधरा: तक्रारीची नोंद घेतली आहे.
पान एकोणीस: एक माणूस आला,
भिंतीवर हात फिरवला, हात पँटला पुसला, गेला.
पान तेवीस: दुसरा आला. रंग देऊन गेला.
रंगाखाली डाग तीन आठवडे दम धरून बसला
आणि नाताळच्या सकाळी बाहेर आला,
आधीपेक्षा मोठा, जेवायला बोलावल्यासारखा.

भिंतीला कान असतात म्हणे.
विनीच्या भिंतीला असते
तर नातवाचा खोकला तिनेच सांगितला असता.
आता वहीच साक्षीदार:
रात्री दोन. रात्री साडेतीन. पंपाचे चार झटके.
वही मासळीच्या कारखान्यातली,
मागच्या पानांवर अजून हॅडॉकच्या पेट्यांचा हिशोब.
तीस वर्षं बर्फात हात घालून काटे काढले तिने.
ओल म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवू नये.

ओल. माझ्या भाषेत हा शब्द वाईट नाही.
जमिनीला असते, बियाण्याला लागते,
माणसामाणसांतला ओलावा आटला की आम्ही हळहळतो.
म्हणून फॉर्ममधला तो रकाना भरताना
पेन थोडं अडलं,
मग लिहिलं: काळी. कपाटामागून छतापर्यंत.
मुलाच्या गादीलाही.

घरमालक कंपनीचे वकील मिस्टर लॅथम
सभ्य माणूस. घसा साफ करून बोलतात.
भाडेकरू कपडे घरात वाळवतात.
किटली उकळते. भाताला वाफ येते.
शिवाय तीन माणसांचा श्वास,
माणशी रोज इतकं इतकं पाणी,
परिशिष्ट क, तक्ता दोन.

"मग कमी घेऊ?" विनी विचारते.

जज्जबाई चष्म्यावरून बघतात.
लॅथम पान उलटतात.
"आणि खिडकी, मिसेस पेनीफील्ड?
साधी खिडकी का उघडली नाही?"

तेव्हा ती पर्स उघडते.
हे फाइलमध्ये नव्हतं. मला माहीत नव्हतं.
गॅसच्या बिलाचं जुनं पाकीट,
त्यातून टेबलावर
खिळा.
चार इंची, गंजलेला, मानेत वाकलेला.

"तुमच्या माणसाने ठोकला.
चौकट सडली होती, रस्त्यावर पडेल म्हणाला,
नवी घेऊन येतो म्हणाला.
सात हिवाळे झाले.
रविवारी मी पक्कड लावून उपटला,
तर खिडकी हातात आली.
चौथा मजला, साहेब.
सध्या दोरीने बांधलीय."

लॅथम उठतात: हरकत, हा पुरावा वेळेत दाखल नाही.
बरोबर आहे. मी मान खाली घालतो.
जज्जबाई बराच वेळ काही बोलत नाहीत,
मग मला म्हणतात, याला नंबर द्या.

खिळ्यावर नंबर कसा घालतात?
पाकिटावर लिहिला. दोनशे तेरा.
बोटाला गंज लागला तो पुढच्या तीन पानांवर उमटला.

निकाल दुपारी.
सहा आठवड्यांत दुरुस्ती, आणि काही पैसे.
वहीतल्या रात्रींनी भागून बघितले बाकावर बसून:
एका रात्रीला एक पाव, तोही कापलेला नाही.
विनीने आकडा ऐकला, कोटाची बटणं लावली.
आनंद झाला का, विचारायचं राहिलं.

निघताना कारकुनाकडे तिने खिळा मागितला.
तो म्हणाला, पुरावा इथेच राहील,
आणि तसा तो तुमचा नाहीच, बाई,
घरमालकाच्या भिंतीतला आहे.

"खरंय," ती म्हणाली.
"मग पावती द्या.
परत केला म्हणून."